पवित्राची वहिवाट
(प्रस्तावना)

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांतील ख्रिस्ती मंडळ्यांच्या उपासनेत, घरांत, रुग्णालयांत आणि दफनभूमींत जे पवित्र म्हणून मानले गेले आणि आजही मानले जाते, त्याचा परिचय करून देण्याच्या हेतूने पुढील प्रकरणे लिहिली आहेत. आणि ज्या वाचकाला या मंडळ्यांचा सहवास घडलेला नाही, किंवा घडूनही ज्याची दृष्टी नाताळच्या रोषणाईपलीकडे गेलेली नाही, त्याच्यासाठी प्रारंभीच काही गोष्टी विस्ताराने सांगणे अवश्य वाटते. महाबळेश्वराच्या माथ्यावर उगम पावून वाई, कऱ्हाड, सांगली असा मार्ग आक्रमीत जाणाऱ्या कृष्णेच्या काठी तीर्थांची, घाटांची, मठांची वा दर्ग्यांची उणीव कधीच नव्हती. वाईचा ढोल्या गणपती, औदुंबरचे दत्तस्थान, मिरजेचा मीरासाहेबांचा दर्गा या सर्वांच्या शेजारात वाढलेली ही ख्रिस्ती वस्ती संख्येने अल्प, सत्तेने नगण्य आणि वयाने तरुण. असे असूनही पवित्र वस्तू कशी हाताळावी याविषयी तिने या भूमीत काही निराळे करून दाखविले, अशी माझी दृढ श्रद्धा आहे, आणि ती श्रद्धा हेच या लेखनाचे कारण होय.

मंडळीच्या वार्षिक सभेत असो किंवा अंत्यविधीनंतर ओट्यावर टेकलेल्या वडीलधाऱ्यांच्या बोलण्यात असो, अलीकडे एक तक्रार वारंवार कानी येते की पूर्वीचे पावित्र्य आता उरले नाही: उपासना चालू असता मोबाइल वाजतो, प्रभुभोजनाला येणारा मनाची तयारी करून येत नाही, शब्बाथ हा नुसता सुट्टीचा वार झाला आहे, आणि वेदीपुढचा विवाह छायाचित्रकाराच्या हुकुमावर चालतो. या तक्रारीत तथ्य नाही असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. यांतील प्रत्येक गोष्ट मी पाहिली आहे आणि प्रत्येकीने मला क्लेश झाले आहेत. परंतु ज्या पूर्वजांच्या नावाने हा विलाप चालतो, त्या पूर्वजांना पावित्र्य नावाची गोष्ट प्रथम कोणत्या रूपात भेटली होती हे ध्यानात घेतल्यावाचून, आज आपण नेमके काय राखावयाचे याचा निवाडा होऊ शकत नाही.

या भागातील पुष्कळशी ख्रिस्ती कुटुंबे महार आणि मांग समाजांतून आलेली आहेत. त्यांच्या आजे-पणज्यांना पावित्र्याची ओळख झाली ती बाहेर उभे राहून. पाणवठा पवित्र म्हणून त्याला हात लावायचा नाही, देऊळ पवित्र म्हणून पायरी चढायची नाही, आणि कित्येक वेळा आपली सावलीसुद्धा आवरून धरायची. हे फार पुरातन काळचे वर्णन नव्हे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी सातारच्या सरकारी शाळेच्या दप्तरी ज्या भिवा रामजीचे नाव दाखल झाले, त्या मुलाला वर्गात वेगळे गोणपाट अंथरून बसावे लागे आणि तहान लागली तर शिपाई पाणी वाढील तेव्हाच प्यावे लागे. पुढच्याच वर्षी गोरेगावला नोकरीवर असलेल्या वडिलांना भेटण्यासाठी हाच मुलगा भावंडांसह मसूरच्या स्टेशनावर उतरला, तेव्हा जात कळताच त्यांना गाडीत घ्यावयास कोणी राजी होईना. दुप्पट भाडे देऊन, गाडी स्वतः हाकण्याच्या अटीवर त्यांचा प्रवास झाला आणि रात्रभर त्यांना पाण्याचा घोट मिळाला नाही. त्या भिवाने, म्हणजेच पुढे डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांनी, ही हकीकत स्वतः लिहून ठेविली आहे. मसूर आमच्याच जिल्ह्यात आहे. त्या स्टेशनावरून मी जेव्हा जेव्हा गेलो आहे, तेव्हा तेव्हा पावित्र्याचा अभिमान बाळगणाऱ्या प्रत्येक माणसाने, मग तो कोणत्याही धर्माचा असो, येथे क्षणभर उतरावे असे मला वाटले आहे.

तेव्हा, जे पावित्र्य अंतर राखून टिकते, ते आमच्या पूर्वजांनी भोगले होते. त्यांना हवे होते ते दुसरे. या दोहोंमधील भेद मराठी वाङ्मयात जितका स्वच्छ लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’ या ग्रंथात दिसतो, तितका धर्मशास्त्राच्या कोणत्याही व्याख्यानात दिसत नाही. त्यांचे वडील सोवळ्याच्या वेडाने इतके ग्रस्त झाले होते की बाहेरून आलेली जिन्नस धुतल्यावाचून घरात येत नसे, आणि त्या धुण्यापायी सारे घर अक्षरशः भिजून जाई. त्याच घरातली ही कन्या, पती ख्रिस्ती झाल्यावर त्यांच्याकडे राहावयास आली तरी आपली चूल वेगळी मांडीत होती. आणि पुढे एके काळी तिच्या मनातला हा सारा विटाळ गळून पडला, तो कोणाच्या आग्रहाने नव्हे, तर स्वतःच्या विचाराने. १९०० मध्ये तिने बाप्तिस्मा घेतला. पाण्याने बाहेरच्याला दूर ठेवणाऱ्या घरातून निघून पाण्यानेच सर्वांच्या पंक्तीत येऊन बसणे, हा जो प्रवास त्या माउलीने केला, तोच या प्रदेशातील ख्रिस्ती पावित्र्याचा खरा इतिहास आहे असे मी मानतो.

मिशनांच्या आगमनाची हकीकत येथे थोडक्यातच पुरे. अमेरिकन मराठी मिशनचे ॲलन ग्रेव्हज १८३० नंतरच्या दशकात महाबळेश्वरी येऊन राहिले होते. सातारचे राज्य १८४८ मध्ये खालसा झाले आणि पुढच्याच वर्षी, १८४९ मध्ये, साताऱ्यात त्या मिशनचे कायमचे ठाणे झाले. वाईस बील्स दांपत्याने रुग्णालय चालविले. दक्षिणेकडे रॉयल वाइल्डर यांनी १८५२ मध्ये कोल्हापुरास आरंभ केला, आणि त्या कामाची शाखा १८८४ मध्ये सांगलीत व त्यानंतर मिरजेत आली. रोमन कॅथलिक बांधवांसाठी हा सर्व मुलूख १८८६ मध्ये स्थापन झालेल्या पुणे धर्मप्रांतात मोडतो. प्रॉटेस्टंट मंडळ्यांपैकी पुष्कळशा २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात स्थापन झालेल्या उत्तर भारतीय मंडळीत, जिला आम्ही सारे सी. एन. आय. म्हणतो, सामील झाल्या. सन आणि सनदा यांची याहून अधिक जंत्री पुढील प्रकरणांतही नाही. ज्यांना ती हवी त्यांना ती अन्यत्र मिळेल.

मिरजेपाशी मात्र मला थांबावयाचे आहे. विल्यम जेम्स वॉन्लेस हा १८६५ मध्ये कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतात जन्मलेला तरुण डॉक्टर १८८९ मध्ये हिंदुस्थानात आला, आरंभी सांगलीस त्याने दवाखाना चालविला, आणि मग मिरजेत येऊन १८९४ मध्ये ते रुग्णालय उघडले ज्याच्या नावाने आजही दक्षिण महाराष्ट्रातला आणि उत्तर कर्नाटकातला म्हातारा माणूस हात जोडतो. १८९७ मध्ये तेथे वैद्यकीय विद्यालय सुरू झाले. १९०० मध्ये महारोग्यांसाठी आश्रयस्थान उभे राहिले. १९२० मध्ये सांगली आणि मिरज यांच्या दरम्यान क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम झाले आणि त्या वस्तीला वॉन्लेसवाडी हे नाव पडून तेच रूढ झाले. १९२८ मध्ये वॉन्लेस यांना ‘सर’ हा किताब मिळाला, त्याच वर्षी ते निवृत्त होऊन परत गेले, आणि १९३३ मध्ये निधन पावले. संस्थानिकांपासून रस्त्यावरच्या भिकाऱ्यापर्यंत सर्वांना ज्या मेजावर निजावे लागे ते मेज एकच होते, आणि त्या मेजापाशी सुरी हाती घेण्यापूर्वी प्रार्थना करण्याचा रिवाज होता.

त्या खोलीकडे जरा जवळून पाहावे. शस्त्रवैद्य बाह्या कोपरापर्यंत सारून, साबण आणि कुंचला घेऊन, नखांच्या कडा, बोटांच्या बेचक्या, मनगट, कोपर असे क्रमाने घासून काढतो. शस्त्रे उकळत्या पाण्यातून निघतात. वस्त्रे वाफेतून निघतात. आणि एवढी शुद्धी झाल्यावर तो कोणत्याही वस्तूला स्पर्श करीत नाही, कारण त्याला आता एका गोष्टीला स्पर्श करावयाचा आहे, ती म्हणजे दुसऱ्याची उघडी जखम. लक्ष्मीबाईंचे वडील हात धूत होते ते कोणाला शिवू नये म्हणून; मिरजेच्या त्या खोलीत हात धुतले जात होते ते शिवता यावे म्हणून. दोन्ही ठिकाणी नियम कडक होते, दोन्ही ठिकाणी चूक झाल्यास क्षमा नव्हती, आणि दोन्ही ठिकाणी माणसे मनःपूर्वक वागत होती, यात मला संशय नाही. परंतु एका शुद्धीच्या अंती दार बंद होत होते आणि दुसरीच्या अंती महारोग्याच्या झडलेल्या बोटांवर पट्टी बांधली जात होती. शिस्त हवी की मोकळीक हवी, असा जो वाद आज मंडळ्यांमध्ये तरुण आणि वृद्ध यांच्यात चालतो, त्या वादातील दोन्ही पक्षांना या खोलीत काही शिकण्यासारखे आहे. कारण तेथे शिस्तीवाचून मोकळीक म्हणजे रोग्याचा मृत्यू, आणि मोकळिकीवाचून शिस्त म्हणजे रिकामे मेज.

मिरजेच्या या कामाला जवळजवळ पंचवीस वर्षे होत आली असताना साताऱ्यात निराळीच घटना घडत होती. लक्ष्मीबाईंचे पती रेव्हरंड नारायण वामन टिळक, ज्यांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत झाला होता आणि ज्यांची कविता तोपर्यंत ख्रिस्ती-अख्रिस्ती सर्व मराठी वाचकांच्या जिभेवर बसली होती, ते आयुष्याच्या अखेरीस साताऱ्यास येऊन राहिले; १९१७ मध्ये त्यांनी मिशनची पगारी चाकरी सोडली, संन्यस्त वृत्ती पत्करली आणि ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. ज्या शहराने छत्रपतींचा दरबार पाहिला आणि तो खालसा झालेलाही पाहिला, त्या शहरात हे नाव किती अर्थपूर्ण वाटले असेल याची कल्पना करावी. या दरबारात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त बंधुभावाने एकत्र यावेत, भजन-कीर्तनाच्या द्वारे ख्रिस्ताची भक्ती या मातीच्या सुरात व्हावी, आणि येशूकडे जाण्याची वाट मिशनच्या कचेरीतूनच जाते असा जो समज लोकांत पसरला होता तो दूर व्हावा, अशी त्यांची धारणा होती.

याविषयी त्या वेळी कुरकुर झाली, आजही होते. बाप्तिस्म्याची मर्यादा ओलांडली की मंडळीला मंडळी कोण म्हणणार, असा आक्षेप घेणाऱ्यांना मी उडवून लावणार नाही. त्यांची चिंता खरी आहे. पण टिळकांनी संस्काराचे अवमूल्यन केले, असे मला कधीच वाटलेले नाही. ज्या माणसाने स्वतः बाप्तिस्म्यासाठी घर, जात, आप्तेष्ट आणि काही वर्षांपुरती पत्नीसुद्धा गमावली होती, त्याला त्या पाण्याची किंमत कळत नव्हती असे म्हणणे अन्यायाचे होईल. किंमत कळत होती म्हणूनच, जो अजून ती देऊ शकत नाही त्याला देवडीवरून हाकलून न देता आत बसू द्यावे एवढेच त्यांचे म्हणणे होते. ९ मे १९१९ रोजी टिळक वारले आणि त्यांच्यामागे दरबार फार दिवस टिकला नाही. तो एका माणसाच्या तेजावर उभा होता, आणि त्याला कारभार असा नव्हता. हा त्याचा दोष मानावा लागेल. तथापि त्या दरबारचे जे खरे धन, ती भजने, ‘उपासना संगीत’ या आमच्या गीतपुस्तकाच्या पानापानांवर आहेत, आणि टिळकांनी अपुरे ठेविलेले ‘ख्रिस्तायन’ हे काव्य लक्ष्मीबाईंनी तडीस नेले. इमारत, निधी, घटना यांपैकी काहीही मागे न ठेवता गेलेल्या या संस्थेची गाणी, लग्नाच्या आदल्या रात्री आणि मृताच्या उशाशी, शंभर वर्षांनंतरही म्हटली जातात.

हे सांगताना मला जुन्या करारातील एक प्रसंग आठवल्यावाचून राहत नाही. दावीद राजाने देवाचा कोश, म्हणजे कराराची पवित्र पेटी, नव्या गाडीवर घालून यरुशलेमाकडे चालविला असता वाटेत बैल ठेचाळले, आणि कोश पडेल या भीतीने उज्जाने हात पुढे करून तो धरला. तो तेथेच मरण पावला. हे कठोर वाटते आणि दाविदालाही वाटले. प्रसंगाचा हा भाग सर्वांना ठाऊक असतो; पुढचा भाग क्वचित सांगितला जातो. भयभीत झालेल्या दाविदाने तो कोश ओबेद-अदोम नावाच्या गथकराच्या घरी उतरविला, आणि राजवाडा नाही, मंदिर नाही, अशा त्या साध्या घरात तीन महिने तो राहिला. त्या काळात त्या घराला आशीर्वाद मिळाला. सावरण्यास धावलेला हात वाया गेला आणि नुसती जागा करून देणारे घर धन्य झाले.

आमच्या मंडळ्यांत सध्या उज्जाचे हात फार झाले आहेत. मिशनरी गेले, त्यांच्यामागे बंगले, शाळा, मोकळ्या जमिनी आणि रस्त्याकडेची मोक्याची कंपाउंडे राहिली. शहरे वाढत गेली तशी त्या जमिनींची किंमत वाढली. आणि मग कोणाच्या नावे फेरफार झाला, कोणाची सही वैध, कोणता विश्वस्त नेमणुकीचा आणि कोणता निवडीचा, या प्रश्नांनी धर्मादाय आयुक्तांची कचेरी व दिवाणी न्यायालये यांची दप्तरे भरून गेली. प्रत्येक पक्ष शपथेवर सांगतो की आम्ही पवित्र वारसा वाचविण्यासाठी झगडतो आहोत, आणि त्यांतले कित्येक तसे मनापासून समजतातही. देवळाची मिळकत लुबाडली जात असता स्वस्थ बसावे असे मी म्हणत नाही. कज्जे करावे लागतात. पण मी असे रविवार पाहिले आहेत की ज्या दिवशी एकाच मंडळीचे दोन गट एकाच दारातून आत येऊन एकमेकांकडे पाठ करून बसले, शांतीचे अभिवादन करण्याची वेळ आली तेव्हा कोणी कोणाचा हात धरला नाही, आणि तरी सात-बारावरचे नाव मात्र उत्तम शाबूत होते. त्या दिवशी काय वाचले आणि काय गेले, याचा हिशोब कोणत्याही कचेरीत होत नाही.

तेव्हा मालकीचा विषय बाजूस ठेवून, नित्य वापरात जे राखले जाते त्याकडे वळावे, हा या पुस्तकाचा रोख आहे. त्यात पहिले स्थान प्रभुभोजनाचे. द्राक्षारस आणि भाकर बाहेरून विकत आणण्याची सोय आज झाली आहे. तरी काही मंडळ्यांत अद्याप ही तयारी घरी होते. तासगावकडच्या काळ्या मनुका शनिवारी सकाळी निवडून, देठ काढून, दोन पाण्यांनी धुऊन भिजत घालतात. सायंकाळी त्या मंद विस्तवावर उकळतात, निवाल्यावर हाताने कुस्करतात, आणि केवळ याच कामासाठी ठेवलेल्या पांढऱ्या मलमलीच्या फडक्यातून गाळतात. हे काम ज्या बाईकडे असते ती त्या वेळी फारशी बोलत नाही. उरलेला चोथा केराच्या टोपलीत न टाकता झाडाच्या बुंध्याशी पुरतात. असे करावे असा नियम कोणत्याही पुस्तकात नाही. पाळकांनी तो सांगितलेला नाही. एकीने केले ते दुसरीने पाहिले आणि तसेच चालत आले. आणि रविवारी त्या रसाचा प्याला जेव्हा एका निवृत्त तहसीलदाराच्या ओठांवरून ऊसतोडीच्या मजुराकडे जातो, तेव्हा मसूरच्या वाटेवर त्या मुलांना जो पाण्याचा घोट नाकारला गेला, त्याची मला दर वेळी आठवण होते. संसर्गाच्या भयाने बहुतेक ठिकाणी आता लहान लहान काचेच्या पेल्या आल्या आहेत. त्यामागील कारण समजण्यासारखे आहे, तरी एक प्याला गेला याचे मला दुःख आहे, आणि ते लपविण्याचे प्रयोजन दिसत नाही.

२०२० च्या मार्चअखेर टाळेबंदी झाली आणि १२ एप्रिलचा पुनरुत्थानाचा सण लोकांनी बंद दारांमागे पाळला, तेव्हा प्रभुभोजन घरोघरी, भ्रमणध्वनीच्या पडद्यावर पाळकांचे शब्द ऐकून घ्यावे की न घ्यावे, यावर आमच्याकडे बराच ऊहापोह झाला. ज्यांनी घेतले त्यांची निष्ठा उणी होती असे कोण म्हणेल? एकट्या राहणाऱ्या वृद्धांना त्या तुकड्याने किती आधार दिला हे मी जाणतो. माझे मत मात्र तेव्हाही असे होते आणि आजही आहे की ज्या भोजनाचा अर्थच एकत्र बसणे हा आहे, त्याचा काही काळ उपास धरणे हेही त्याचे राखणेच होते. भूक लागू देणे हा पवित्र वस्तूचा मान आहे. पुढे जेव्हा दारे उघडली आणि लोक पुन्हा मेजाभोवती आले, तेव्हा कित्येकांचे हात कापत होते. ती गंभीरता वर्षभरही टिकली नाही, ही गोष्ट मला त्या मोबाइल वाजण्यापेक्षा अधिक खुपते.

शब्बाथाविषयी निर्णय करणे अधिक अवघड आहे. साखर कारखान्याचा गळीत हंगाम रविवार ओळखत नाही, रुग्णालयातल्या परिचारिकेची पाळी रविवारी येतेच, आणि स्पर्धा परीक्षा तर बहुधा रविवारीच घेतात. नोकरीच्या आशेने दोन-दोन वर्षे अभ्यास केलेल्या मुलीला त्या दिवशी तू परीक्षेला न जाता उपासनेला ये, असे सांगण्याचा अधिकार मला नाही. सातही वार सारखे झाले तर माणूस मालकाचा बैल होतो, हे मात्र आमच्या मजूर पूर्वजांना पक्के ठाऊक होते, आणि रविवारी धुतलेला सदरा घालून देवळात जाऊन बसणे ही त्यांच्या दृष्टीने केवढी मोठी मुक्तता होती हे त्यांचे नातू विसरले आहेत. ज्यांना रविवार मिळत नाही त्यांनी दुसरा कोणता तरी समय ठामपणे वेगळा काढावा, आणि मंडळीने पहाटेची वा रात्रीची उपासना त्यांच्यासाठी ठेवावी. ज्यांना रविवार मिळतो आणि जे तो बाजारहाटात घालवितात, त्यांच्यासाठी माझ्यापाशी सवलत नाही.

कौटुंबिक उपासनेच्या प्रकरणावर मी सर्वांत अधिक श्रम घेतले आहेत, कारण ती सर्वांत वेगाने नष्ट होत आहे. दिवेलागणीला सतरंजी घालून घरातली माणसे बसत, पवित्र शास्त्राचा एक अध्याय वचनावचनाने फिरत जाई, अडखळणाऱ्या लेकराला आजी पुढचा शब्द पुटपुटून देई, एक गीत होई, आणि शेजारच्या आजाऱ्यापासून राज्यकर्त्यांपर्यंत सर्वांची नावे घेऊन प्रार्थना होई. निरक्षर आज्यांना अख्खी स्तोत्रे मुखोद्गत असत ती या बैठकीमुळे. आता इंग्रजी शाळांत शिकणाऱ्या नातवंडांना मराठी शास्त्राची जोडाक्षरे वाचवत नाहीत, टिळकांच्या गीतातील पद त्यांना परके वाटते, आणि पडद्यावर झळकणारी नवी गाणी ती आनंदाने गातात. नव्या गाण्यांचा मी वैरी नाही. टिळकही एके काळी नवेच होते. पण पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून शास्त्राचे मराठी भाषांतर केडगावी आयुष्याची अखेरची वर्षे खर्चून, १९२२ मध्ये मृत्यू येईपर्यंत, ज्या ध्येयाने केले, ते अल्पशिक्षित स्त्रीलाही देवाचे वचन आपल्या बोलीत कळावे या ध्येयाने. त्या स्त्रीच्या पणतीला ते वाचता येऊ नये, हे कोणा परकीयाच्या जुलुमाने झालेले नाही. घरातल्या पंधरा मिनिटांच्या बैठकीने ते थांबविता येते. २०१९ च्या ऑगस्टात कृष्णेचा पूर सांगलीच्या घराघरांत शिरला, तेव्हा ओसरल्यानंतर चिखलातून काढलेली गीतपुस्तके आणि शास्त्रे एकेक पान सोडवून उन्हात वाळत घालणारी माणसे मी पाहिली. त्यांपैकी बहुतेकांचे केस पांढरे होते.

शेवटी एका वर्गाविषयी लिहिणे कर्तव्य आहे, ज्याचा उल्लेख आमच्या मंडळ्यांच्या अहवालांत कधी येत नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती आरंभी प्रामुख्याने हिंदूंपुरत्या राहिल्या. १९५६ मध्ये त्यात शीख आणि १९९० मध्ये बौद्ध यांचा समावेश झाला. ख्रिस्ती झालेल्या दलिताला त्या अद्याप नाहीत. त्यामुळे कित्येक कुटुंबांत दाखल्यावर एक धर्म आणि दिवेलागणीच्या प्रार्थनेत दुसरा, अशी स्थिती दोन-दोन पिढ्या चालत आली आहे. अशी माणसे देवळात मागच्या रांगेत बसतात, नोंदवहीत सही करीत नाहीत, आणि नाताळच्या छायाचित्रात उभी राहत नाहीत. त्यांना भित्रे म्हणणारे, दुटप्पी म्हणणारे लोक मंडळीत आहेत, आणि बहुधा ते असेच लोक असतात ज्यांच्या मुलांना फी भरण्याची चिंता कधी पडलेली नाही. मला हे बोलणे असह्य होते. जी बाई लेकाच्या शिष्यवृत्तीसाठी कागदावर गप्प राहते आणि त्याच लेकाच्या तापाने फणफणलेल्या कपाळावर हात ठेवून रात्रभर येशूचे नाव घेते, तिच्या घरी कोश उतरलेला नाही असे म्हणण्याचा अधिकार कोणाला आहे? टिळकांनी सातारच्या दरबारात ज्यांना बसावयास जागा दिली होती, त्यांचे हे वारस आहेत. पुढील प्रकरणांतील कितीतरी प्रार्थना, चालीरीती आणि आठवणी अशाच घरांतून मिळाल्या आहेत. त्यामुळे ही माहिती कोणत्या गावी, कोणाच्या तोंडून मिळाली हे कोठेही नमूद केलेले नाही, आणि आपल्याला एखादे घर ओळखू आले असे ज्या वाचकाला वाटेल त्याने ते नाव कोणापाशी उच्चारू नये, अशी माझी त्याला विनंती आहे.